टाक्याच्या वाडीचा गडगा

१

त्या सकाळी टाक्याच्या वाडीत एकही जातं वाजलं नाही.

मौलाली गवंडी खिंड चढून वर आला तेव्हा त्याच्या ध्यानात पहिल्यांदा आलं ते हेच. रात्री तो खाली पासलीला मुक्कामाला होता. संस्थानच्या कचेरीत वीस वर्षं मोजणी कारकून म्हणून त्याने डोंगर पालथे घातले होते. कुठल्याही वाडीच्या जवळ आलं की घर दिसायच्या आधी जातं ऐकू यायचं, जात्यामागून बाईचा गळा, गळ्यामागून धूर. आज धूर नव्हता आणि गळाही नव्हता. दवाने भिजलेल्या भाताच्या खुंटांवर कावळे मात्र उतरत होते, एकाच जागी.

काखेतल्या दफ्तरात एक अर्ज होता. भिमा सोनटक्के, राहणार टाक्याची वाडी. खाचराला डुकरांचा आणि शेजारच्या गुरांचा उपद्रव होतो, सबब दगडी गडगा घालण्यास परवाना मिळावा. तारीख गेल्या चैत्रातली. आज पौष लागला होता. चैत्रात लगीनसराई, मग पाऊस, मग वाटा खचलेल्या. अर्ज मौलालीच्याच गठ्ठ्यात तळाला जाऊन बसला होता.

टाक्याजवळ माणसं गोलात उभी होती. थंडीने जो तो घोंगडीत गुरफटलेला. गोल उघडला आणि मौलालीला गडगा दिसला. उतारावर आडवा, कंबरेएवढा, बिनमातीचा, दगडावर दगड नीट बसवलेला. मधे दोन पुरुष लांबीचं भगदाड पडलं होतं. आणि गडग्याच्या वरच्या अंगाला, दगडांच्या ढिगाशेजारी, एक काळी घोंगडी पसरली होती. घोंगडीखालून म्हाताऱ्या माणसाचे भेगाळलेले तळपाय बाहेर आले होते.

“सोनबा,” कोणीतरी सांगितलं. “बायका पाण्याला आल्या, तवा दगडाखाली गावला. गडगा अंगावर आला त्याच्या.”

ज्या माणसाने आज त्याला रानाची शिव दाखवायची होती, तो हाच.

त्याने घोंगडीचं टोक उचललं. टोकावर लाल डाग होता, तळहाताएवढा. रक्त, असं त्याच्या मनाने म्हटलं आणि मन पुढे गेलं. सोनबाची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्याने ती हळूच उकलली.

मुठीत कोळशाचा एक तुकडा होता.

२

भिमाला चावडीच्या खांबाला बांधलं होतं. तिशीचा गडी, हाताला दगडांचे घट्टे. शेजारी त्याची आई सगुणाबाई, पदर तोंडात धरून.

“उद्या सकाळी खालून शिपाई येत्यात,” ती म्हणाली. “भोरला नेणार त्याला. बिनपरवान्याचा गडगा, वर माणूस मेला. रखमाजी कारभारी म्हणत्यात, जमीन बी सरकारजमा. सायेब, तुमी कागदावाले. तुमीच सांगा, दगड रचले म्हनून पोराला फास लागतो का?”

मौलालीला तिच्याकडे बघवेना. “भिमा, परवान्याआधी का रचलास?”

“आठ महिनं वाट बगितली. डुकरं थांबली न्हाईत.” भिमाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “मंग सोनबातात्या म्हनला, हद्दीला लागून घालशील तर परवाना. हद्दीपासनं दहा हात आत, आपल्या रानात घालशील तर कुनाला इचारायचं न्हाई. हाय का असा नेम?”

“आहे.”

“तात्यानं पावलं टाकून दावलं. वर रखमाजी कारभाऱ्याच्या रानात त्यानं खूण सांगितली. तितनं मोजून आत आलो आन् पाया धरला. पर कारभारी म्हनत्यात हद्द खाली, टाक्यापाशी. मंग गडगा त्येंच्या रानात झाला, टाकं बी त्येंचं.”

“खूण कसली?”

उत्तर सगुणाबाईने दिलं. “मोजणी आली तवा सोनबाभाऊ मिसरूड फुटलेला पोरगा व्हता. सायबाची साखळी धरायचा. कोपऱ्याच्या दगडाखाली काय पुरलं ते त्यानं डोळ्यानं बगितलेलं. दगूड कुणीतरी कवाच उपटून नेला, पर खालचं तसंच हाय म्हनायचा. आज तुमच्यापुढं उकरून दावणार व्हता.”

मौलालीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुन्या मोजणीवाल्यांची ती रीतच. हद्दीच्या दगडाखाली कोळसा आणि खापऱ्या पुरायच्या. दगड हलवता येतो, पण खाली काय आहे ते हलवणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि कोळसा मातीत शंभर वर्षं कुजत नाही.

म्हणजे सोनबा मरायच्या आधी खुणेपर्यंत पोचला होता. आणि त्याला बघणारं तिथे आणखी कोणी होतं का?

“भिमा, गडगा पक्का होता का?”

आता मात्र भिमाने मान ताठ केली. “तुमी गवंड्याचं पोर ना? जाऊन बगा.”

३

मौलाली जाऊन बघत होता. बाप त्याचा भोरात गवंडी. दगडाची पाठ कुठली आणि तोंड कुठलं हे तो अक्षर ओळखायच्या आधी शिकला होता. भिमाने एकेक दगड जडवलेला होता. उतारावर रचलेला गडगा खचलाच तर उताराकडे, खालच्या अंगाला जातो. पाणी जातं तसा. इथे खालच्या अंगाला एक खडाही नव्हता. सगळे दगड चढाकडे, जिथे सोनबा होता तिथेच.

गडगा पडला नव्हता. कोणीतरी हातांनी उतरवला होता.

दहा पावलांवर आणखी एक दगड उभा होता. एकटा, शेंदराने माखलेला, पूर्वेला तोंड करून. त्याच्याखाली पळसाचं पान होतं.

“शिवेचा म्हसोबा,” मागून आवाज आला. सावळाराम गुरव, वाडीचा पुजारी, घोंगडीतून फक्त नाक बाहेर. “पयला भुईवरच असायचा. भिमानं गडगा रचला तवा मधोमध, डोईवर मांडला. म्हनला, देव उंच बसला तर राखण लांबवर व्हईल. काल अवस, तर म्या सांजच्याला तेल-शेंदूर लावून गेलो. ओला हाय अजून.”

“आणि इथे कोणी आणला?”

“आला आसंल उडी मारून. आमचा देव मोठा चपळ.” सावळाराम हसला, आणि मग त्याचं त्यालाच ते हसू थंड लागलं. “न्हाई ओ. मी आलो तवा हितंच व्हता. कुनी हात लावलेला न्हाई.”

मौलालीही हात लावणार नव्हता. दुसऱ्याच्या देवाला न विचारता शिवायचं नाही हे बापाने शिकवलं होतं. त्याने गुडघ्यावर बसून फक्त पाहिलं. ओल्या शेंदरावर बोटं उमटायला हवी होती. बोटं नव्हती. दोन्ही बाजूंना लोकरीचे काळे केस चिकटले होते.

“मौलालीभाई!”

रखमाजी कारभारी वरून उतरत आला. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा. अंगावर नुसतं उपरणं, ओठ थंडीने निळे.

“घोंगडी कुठं तुमची?” मौलालीने विचारलं.

“सोनबाच्या अंगावर घातली की. समद्यांच्या म्होरं खांद्यावरनं काढून घातली. जन्माचा सोबती व्हता.” रखमाजीने डोळे पुसले. “आता सरणावर बी तीच जाऊ द्या त्याच्या संगं. थंडी लागायची त्याला.”

बायकांनी हुंदका दिला. “देवमाणूस,” कोणी पुटपुटलं.

“आता शिवेला दोन पंच लागत्यात,” रखमाजी म्हणाला. “एक गेला. ऱ्हायलो मी. मी सांगतो ती हद्द लिवा, अंगठा देतो, आन् मोकळे व्हा. उगा थंडीत कुडकुडू नका.”

मौलाली उत्तर द्यायच्या आधी त्याची नजर रखमाजीच्या रानावर गेली. सगळं शिवार दवाने चिंब होतं. खुंट, बांध, गवताची पाती. मधेच पेंढ्यांची एक रास होती. तिच्यावर दवाचा थेंब नव्हता. ठणठणीत कोरडी.

४

दुपारी सोनबाला अग्नी दिला. घोंगडी त्याच्या अंगावरच राहिली. मौलाली लांब उभा राहून बघत होता. ज्वाळा घोंगडीच्या टोकाशी आल्या आणि तो लाल डाग क्षणभर उजळला.

लाल.

पहाटेपासून उन्हात पडलेलं रक्त दुपारपर्यंत काळं पडतं. हा डाग सकाळी होता तसाच होता, केशरी झाक असलेला. ते रक्त नव्हतं. शेंदूर होता.

तो पुढे धावला, पण सरणाने घोंगडी गिळली होती. जगात त्या डागाचा साक्षीदार आता एकटा मौलाली. आणि कचेरीत कोण ऐकणार होतं की एका कारकुनाने एक डाग पाहिला होता?

शिवाय एक गोष्ट त्याला उलगडत नव्हती. हाताला रंग लागू नये म्हणून घोंगडी वापरली म्हणावं, तर देव पायाने लोटला असता तरी चाललं असतं. ज्याने माणूस मारला त्याने देवाला मात्र पान अंथरून, पूर्वेला तोंड करून बसवलं. इतका भाविक माणूस, आणि देवाला हात लावत नाही. का?

खिंडीच्या तोंडाशी बद्रुन्निसा मणेरीण बांगड्यांचा हारा उतरवून बसली होती. किकवीपासून डोंगरापर्यंत सगळे बाजार पायी करणारी, तोंडाची फटकळ बाई. मौलाली तिचा दूरचा भाऊ लागत होता.

“सलाम, मौलालीभाई. तुझ्या या वाडीत आज एक बांगडी खपायची न्हाई बघ. मयत झालं त्या घरी भरायच्या न्हाईत, शेजारणी रडत्यात. कालचा दिवस बी असाच, नुसता चालण्यात गेला.”

“काल आली होतीस इथे?”

“सांजच्याला. कामथडीस्नं निघाले, दोन मुक्काम केले. त्या रखमाजीची सून तितं माहेरी बाळंत झाली. मुलगा! मीच काळ्या मनगट्या घातल्या बाळाला. व्याही म्हनला, तू वरच जातीस, आज्याला निरोप दे. म्या म्हातारीनं डोंगर चढून निरोप दिला, तर रानातच गाठून म्हणतो कसा, ‘घरात बोलू नगंस, मी सांगतो.’ गुळाचा खडा न्हाई, पाण्याचा घोट न्हाई. असला आजा अल्लानं कुनाला देऊ नये.”

मौलालीने खाली पाहिलं. टाक्याच्या पाण्यावर चितेचा धूर वाकला होता.

“बद्रुन,” तो म्हणाला, “उद्या सकाळपर्यंत कुठे जाऊ नकोस. आणि हे कोणापाशी बोलू नकोस.”

“का रं? सगळेच मला गप्प बसवाय निघाले.”

५

दुसऱ्या दिवशी ऊन डोंगराखाली आलं तशी सगळी वाडी टाक्यापाशी जमली. मौलालीने बोलावलं होतं. खालून आलेले दोन शिपाई दोर घेऊन उभे होते. भिमाचे हात मागे बांधलेले. सगुणाबाई त्याच्या सावलीत बसली होती.

“मी कागद लिहायच्या आधी एक काम राहिलंय,” मौलाली म्हणाला. “तुमचा देव दोन दिवस उघड्यावर आहे. ज्या जागी होता तिथे दगड सारखे करा आणि त्याला परत बसवा. तिघांनी हात लावायचा. ज्याने गडगा रचला त्याने, ज्याने शेंदूर लावला त्याने, आणि ज्याचं रान लागून आहे त्याने. मग मी हद्द लिहितो. चालेल, गुरव?”

“ह्ये बेस,” सावळाराम म्हणाला. “देवाच्या मनात बी तेच आसंल.”

शिपायांनी भिमाचे हात सोडले. त्याने खाली वाकून दगड चढवले, म्हसोबाला कवेत घेतलं. त्याचे तळवे लाल झाले. सावळारामने दुसरी बाजू धरली. त्याचेही लाल झाले.

“कारभारी,” मौलाली म्हणाला.

रखमाजी पुढे आला. “खांदा धरलाय माजा. थंडी.”

“उचलू नका. बोट लावा नुसतं.”

रखमाजीचा हात पुढे झाला. सगळी वाडी त्या हाताकडे बघत होती. बोटं देवाच्या वीतभर अलीकडे आली आणि थांबली. पुन्हा पुढे गेली, पुन्हा थांबली. रखमाजीच्या कपाळावर, पौषाच्या त्या गारठ्यात, घाम फुटला.

“लागत नाही हात,” मौलाली हळू म्हणाला. “लागायचाच नाही. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही. परवा सांजेपासून तुम्हाला सोयर आहे.”

गर्दीतून एक बाई पुढे सरली. रखमाजीची बायको, बाळाबाई. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू, उजाडावं तसं, काहीतरी आलं.

“मूल?” ती म्हणाली. “आवं... आपली कोंडाबाई सुटली? काय झालं तिला?”

रखमाजीने तोंड फिरवलं.

“मुलगा,” बद्रुन्निसा मागून म्हणाली. “गोरापान हाय, बाई. तुझ्यावानी नाक.”

“नातू झाला,” बाळाबाई म्हणाली, “आन् मला सांगितलं न्हाई? दोन दिस मी देवापुढं दिवा लावतीया, सोयरात? का वो? असं का केलंत?”

कोणालाच वर बघवेना. मौलालीलाही नाही, पण सांगायचं होतं.

“सोयरातला माणूस शिवेवर पंच म्हणून उभा राहत नाही, बाई. यांनी सांगितलं असतं तर यांच्या जागी गुरव आले असते, आणि गुरवांनी सोनबाचंच म्हणणं खरं केलं असतं. यांना वाटलं, लांबून उभा राहीन, हात लावणार नाही, देव तेवढं चालवून घेईल. पण काल पहाटे सोनबा खूण तपासायला गेला आणि कोळसा उकरून बसला. यांनी पाहिलं. तो मेल्यावर भिमाचा गडगा त्याच्यावर घालायचा म्हटलं, तर माथ्यावर म्हसोबा. मेलेल्या माणसावर देव लोटवेना, आणि सोयरात हातही लावता येईना. मग खांद्यावरची घोंगडी पुढे घेतली, तिच्यात धरून देव बाजूला नेला. पान अंथरलं. तोंड पूर्वेला केलं. शेंदरात घोंगडीचे केस राहिले आणि घोंगडीला शेंदूर. तो डाग मी सोनबाच्या अंगावर पाहिला. ती घोंगडी तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्यावर घातली, कारभारी, आणि त्यानंतर त्या देवाला कोणी शिवलेलं नाही. मग डाग आधीच आला ना?”

“लोकर समद्यांकडंच हाय,” रखमाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“हो. पण भिमाने हातांनी उचलला असता, गुरवांनीही. घोंगडी पुढे करायची गरज वाडीत एकाच माणसाला होती. सगळ्यांना फसवलंत तुम्ही. देवाला तेवढं फसवता आलं नाही.”

रखमाजी खाली बसला. एकदम, दावं तुटावं तसा.

“म्या निस्ता ढकलला त्याला,” तो म्हणाला. “हसत व्हता. मूठ दावत व्हता मला. म्हनला, रखमा, दगूड उपटलास तवा खाली बगायचं व्हतंस. म्या ढकलला. डोस्कं धोंड्यावर गेलं. मंग... मंग हालला न्हाई.”

६

पेंढ्यांची रास बाजूला केली तेव्हा खाली माती मऊ होती. पहाटे दव पडून गेल्यावर रास तिथे टाकली होती, म्हणून ती कोरडी राहिली होती. भिमाने हातांनीच उकरलं. वरचा कोळसा रखमाजीने वेचून टाक्यात फेकला होता. पण खापऱ्या होत्या, आणि खापऱ्यांच्या फटीत सुटलेली काळी कण्या-कण्यांची पूड. मौलालीने खिशातून सोनबाच्या मुठीतला तुकडा काढून तिथे ठेवला. आपल्या घरी आल्यासारखा तो बसला.

मग त्याने मोजलं. खुणेपासून गडग्यापर्यंत. एका टोकाला सावळाराम, दुसऱ्याला मौलाली.

“किती?” सगुणाबाईने विचारलं.

“अकरा हात.”

दहा हवे होते. सोनबाने हाताभर जास्तच सोडलं होतं, उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून.

शिपाई दोर घेऊन गेले, वेगळ्या माणसाला. बाळाबाई त्यांच्या मागोमाग खिंडीपर्यंत चालत गेली आणि तिथेच वळून उभी राहिली, ना वाडीकडे ना वाटेकडे. बद्रुन्निसाने हारा उतरवून तिच्याजवळ बसकण मारली.

मौलालीने गडग्यावर दफ्तर टेकून अर्ज उघडला. चैत्रातला कागद, घड्यांवर पिवळा पडलेला. तळाशी शेरा लिहायची जागा कोरी होती. त्याने लिहिलं: जागेवर जाऊन पाहिले. गडगा अर्जदाराच्या हद्दीत अकरा हात आत आहे. परवान्याची जरुरी नाही.

एवढंच. चैत्रात येऊन लिहिलं असतं तर चार ओळींचं काम होतं. त्याने सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचं त्याला सुचलं नाही.

“काय लिवलं, सायेब?” भिमाने विचारलं.

“जे सोनबा म्हणत होता ते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मौलाली खिंड उतरत होता. मागे अस्पष्टसं जातं सुरू झालं, आधी एक घरघर, मग तिच्यावर सगुणाबाईचा गळा. त्याने मागे वळून पाहिलं नाही. दफ्तर छातीशी धरून तो ऐकत उभा राहिला.

कोळसा गं कुजेना, किती मातीनं झाकला
शबुद सोनबा बंधवाचा तसा भुईनं राखला

अकरा गं हातांवरी उभा दगडांचा गडगा
बंधू मोजून गेला माझा, वर देव त्याचा जागा